फळ्यावरचा टँकर

दूध सोसायटीत येणाऱ्या वर्तमानपत्राला पहिल्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, नेहमी एक चौकोनी भोक असे. अंक सकाळच्या एसटीने यायचा. गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटांत त्या कोपऱ्यातले व्यंगचित्र दाढीच्या ब्लेडने कापून निघालेले असायचे. बाकीचे गाव उरलेला पेपर वाचायचे.

कापणारे सोसायटीचे सचिव. गाव त्यांना सेक्रेटरी म्हणे; त्यांची बायकोही सेक्रेटरीच म्हणे. त्यांचे नाव दुधाच्या पावतीवर छापलेले होते, पण ते कोणी उच्चारलेले मी ऐकले नाही, म्हणून इथेही देत नाही. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाला त्या कोरड्या भागातून बातम्या पाठवत असे: चारा, टँकर, सोसायट्यांच्या निवडणुका. सेक्रेटरी स्वतः कधी बातमीचा विषय झाले नाहीत. बातमीसाठी गेलो की भेटत, एवढेच.

भोकाच्या पाठीमागे, दुसऱ्या पानावर, निधनवार्ता असत. एकदा सोसायटीच्या चेअरमनच्या भावकीतले एक वृद्ध उमापूरला वारले. कळवायला निघालेला माणूस वाटेत दुसऱ्याच कामाला लागला, बातमी भोकात गेली, आणि चेअरमन सोमवारी परळीला जाऊन वैजनाथाचे दर्शन घेऊन आले. चार दिवसांनी खरे कळल्यावर ते तडक डेअरीत आले. आपण सुतकात देवाला शिवलो आणि ते या माणसाच्या चित्रापायी, असे त्यांचे म्हणणे होते.

सेक्रेटरी दूध मापत होते. मान वर न करता म्हणाले, "सुतक कळल्यापासून धरतात, चेअरमन. शास्त्र हाय."

चेअरमननी गावातल्या भटजींना विचारून घेतले. शास्त्र तसेच निघाले. चेअरमन त्यामुळे जास्तच चिडले. पेपरला भोक मात्र पडतच राहिले.

डेअरीच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा होता. सोसायटीच्या सूचनांसाठी. जनावरांचा डॉक्टर मंगळवारी येणार असे त्यावर लिहिले की लोक बुधवारी जनावरे घेऊन येत आणि डॉक्टर कुठाय म्हणून भांडत. असे तीनदा झाल्यावर सेक्रेटरींनी शिंगाला घड्याळ बांधलेली गाय काढली. तिच्या तोंडाजवळ एक फुगा, आणि फुग्यात: "मी मंगळवारीच आजारी पडते." त्या मंगळवारी अख्ख्या गावाची जनावरे हजर झाली. तेव्हापासून फळ्यावर नुसती सूचना कधी आली नाही.

कल्पना कापलेल्या चित्रांतून घ्यायची, माणसे आणि म्हशी गावातल्या घालायच्या, अशी त्यांची रीत. चित्रकला बेताची होती. हात काढता येत नसत. त्यामुळे त्यांची सगळी माणसे हात पाठीमागे बांधून उभी असत. चहा पिणारा माणूसही हात पाठीमागे बांधून कपाकडे बघत बसलेला असे. परगावच्या एका पाहुण्याने फळा बघून विचारले होते, या गावात सगळेच पुढारी आहेत का. सेक्रेटरींनी त्याला गंभीरपणे सांगितले की पुढारी चौघेच आहेत, बाकीचे आरोपी.

ते स्वतः हसत नसत. दूध तपासायच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर त्यांनी रकाने आखले होते. डावीकडे चित्र चिकटवलेले, पुढे "कोण हसलं" आणि "कधी हसलं". शेवटच्या रकान्यात "लगेच", "दाखवल्यावर", "घरी जाऊन" असे शेरे. एका नावापुढे "तिसऱ्या दिवशी, म्हशीला पाणी पाजताना" असे लिहिलेले मी वाचले आहे. हे कशासाठी, असे विचारल्यावर ते म्हणाले की कोणतं चित्र कोणाच्या डोक्यात कुठवर जातं ते बघायचं हाय. तुम्हाला एकही चित्र हसू आणत नाही का, यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते.

"तपासणाऱ्यानं दूध प्यायचं नसतं."

दुधात पाणी घालण्यावर त्यांनी काढलेल्या चित्राबद्दल त्या भागात बरेच दिवस बोलले जात होते. म्हैस विहिरीच्या काठावर, शेपटीच्या जागी रहाट. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी तावातावाने आला. त्याचे नाव चित्रात नव्हते, आणि कोणी घेतलेही नव्हते. "म्हैस माझीच हाय," तो चारचौघांत म्हणाला, "शिंग वाकडं हाय ना. पण इतकी वाळलेली कावून काढली बे? खायला घालतो मी तिला." सेक्रेटरींनी खडू घेऊन म्हैस जाड केली. त्या माणसाच्या दुधाची डिग्री, म्हणजे दुधातले पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवरचा आकडा, त्या आठवड्यापासून सुधारली.

चित्रांचा नाद कुठून लागला याच्या त्यांनी दोन कथा सांगितल्या. एक, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले असताना फडावर भजी वर्तमानपत्राच्या कागदात यायची. तेल लागून कागद पारदर्शक व्हायचा आणि पुढचे चित्र व मागचे चित्र एकात एक दिसायचे. दोन, दहावीच्या मराठीच्या पेपरात निबंधाऐवजी चित्र काढल्याने ते नापास झाले. दोन्हींची खातरजमा मला करता आली नाही.

गावापासून तीन किलोमीटरवर, माळाच्या पलीकडे, एक वस्ती होती. दिवाळी झाली की तिथले कोयते ऊसतोडीला जात. कोयता म्हणजे तोडीच्या हिशेबात नवराबायकोची जोडी. मागे राहत म्हाताऱ्या, अंगावर पिणारी लेकरे असलेल्या बाया, आणि ज्यांच्यावाचून या घरांचे चालत नसे त्या गाई-म्हशी. या बाया रोज सकाळी डोक्यावर किटल्या घेऊन डेअरीला येत. दूध मापून होईपर्यंत फळ्यासमोर उभ्या राहत आणि विचारत, आज काय लिहिलंय?

सुरुवातीला सेक्रेटरी वाचून दाखवत. एका सकाळी त्यांनी ते बंद केले. म्हणाले, दूध मी मापतो, हसू तुमचं तुमी मापा. बाया रागावल्या. त्यांच्यात सगळ्यात थोरली गयाबाई. साठीच्या पुढची, बोलायला तिखट. त्यांनी ऐकवले की लेकराला घास दाखवून स्वतःच्या तोंडात घालणारा माणूस पहिल्यांदाच बघितला.

मग सेक्रेटरींनी एक पद्धत काढली. आधी चित्र बघायचे आणि हा माणूस काय बोलत असेल ते सांगायचे. चारपाच अंदाज झाले की फुग्यातली अक्षरे बघायची आणि कोणाचा अंदाज अक्षरांशी जुळतो ते शोधायचे. रोज एकच नवे अक्षर. पाटी नाही, बाराखडी नाही. ते म्हणत, बोलणं त्यांना येतंच, फक्त ते दिसतं कसं एवढंच दाखवायचं हाय. चेअरमन याला सेक्रेटरीचा बालवर्ग म्हणत. असे एक वर्ष आणि वर काही महिने चालले. बाया शिकत होत्या की नुसते अंदाज करत होत्या, हे सेक्रेटरींनाही सांगता येत नव्हते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, परीक्षा घेतली तर येणं बंद करतील.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला. होळीच्या आधीच वस्तीचा आड आटला. बाया दोन किलोमीटरवरच्या एका शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत. तिथला मालक दिवसाला घरटी दोनच घागरी भरू देई. गावाला टँकर मंजूर झाला होता. मंजुरीच्या कागदात वस्तीचे नाव नव्हते. ग्रामसेवकाने सर्वे केला तेव्हा निम्म्या घरांना कुलपे होती आणि बाकीच्या बाया पाण्याला गेल्या होत्या. त्याने लिहिले: वस्ती स्थलांतरित.

त्याच सुमारास सेक्रेटरींनी टँकरच्या आश्वासनावर चित्र काढले. जीपमध्ये एक पुढारी, अर्थात हात पाठीमागे. मागे भिंतीवर कॅलेंडर, त्याच्या प्रत्येक चौकोनात तारखेऐवजी "उद्या". पुढाऱ्याच्या फुग्यात: "उद्या टँकर येणार." गावातले पुरुष लगेच हसले, चेअरमन घरी जाऊन. बायांनी त्या सकाळी फळ्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ काढला, एकमेकींत कुजबुजल्या आणि किटल्या उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या सकाळी वस्तीचे दूध आले नाही. एकही किटली नाही. मी चारा डेपोच्या बातमीसाठी आलो होतो. सेक्रेटरींनी नऊपर्यंत वाट बघितली, मग सायकल काढली आणि मला मागे बसवून घेतले.

वस्तीच्या फाट्यावर सतरा बाया रांगेत बसल्या होत्या. पुढे हंडे, घागरी, रॉकेलचे डबे, एक लोखंडी पिंप. उजाडायच्या आधीपासून बसल्या होत्या. एकीचे लेकरू पिंपाच्या सावलीत निजले होते. शेतातल्या विहिरीवरची दोन घागरींची पाळी त्यांनी त्या दिवशी सोडली होती. ती सकाळीच असे. आता तिथेही काही मिळणार नव्हते.

सेक्रेटरींनी विचारले, दूध कावून आणलं न्हाई?

"टँकर यायचाय," गयाबाई म्हणाल्या. "रांग सोडून कोण येईल?"

"कोणी सांगितलं?"

"तुमीच की. फळ्यावर."

"वाचून कोणी दाखवलं?"

"कोण दाखवतंय? आमीच वाचलं."

सेक्रेटरी फाट्याजवळच्या पुलाच्या कठड्यावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळले नाही. मग त्यांनी जे विचारले ते त्या प्रसंगी दुसऱ्या कोणी विचारले नसते.

"कोणत्या अक्षरापाशी अडला?"

"ट पाशी," गयाबाई म्हणाल्या. "त्याच्यावर टोपी हाय आन टोपीवर टिंब. ते तुमी शिकवलं न्हवतं. पण चित्रात टँकर होता, मग लागलं."

चित्रात टँकर नव्हता. जीप होती. मागे बसायच्या जागी सेक्रेटरींनी टाकी काढावी तशी गोल ताडपत्री काढली होती. बायांनी आपल्या पद्धतीने आधी चित्र बघितले, अंदाज केला, आणि अक्षरांशी ताडून पाहिला. अंदाज जुळला. पद्धतीत चूक कुठेच नव्हती.

मग सेक्रेटरींनी सगळे समजावून सांगितले. ते बोलणे फळ्याचे नाही, जीपमधल्या माणसाचे. तो रोज असेच म्हणतो आणि टँकर येत नाही, यातच गंमत आहे. बाया ऐकत होत्या. कोणी हसले नाही.

"फळा तुमचा, अक्षर तुमचं," गयाबाई म्हणाल्या. "डॉक्टर येतो म्हणला की डॉक्टर येतो. मग हे बोललं कोण?"

"फुग्यात जे असतं ते ज्याच्या तोंडाजवळ फुगा हाय त्याचं असतं, मावशे."

"मग खोटं बोलणाऱ्याचं बोलणं तुमी लिहिलं कावून?"

सेक्रेटरी चुकलो म्हणाले नाहीत. त्यांनी सायकलच्या पिशवीतून कागद काढला आणि टँकरच्या मागणीचा अर्ज तिथेच लिहायला घेतला.

अर्जाखाली सह्या करताना एकीनेही अंगठा दिला नाही. सेक्रेटरींजवळ शाईचा पॅड होता. तो पिशवीतच राहिला.

तो अर्ज तालुक्याच्या कचेरीत तीन दिवसांनी नाकारला गेला. टंचाईचे काम बघणाऱ्या साहेबांनी सेक्रेटरींना आत बोलावून कागद पुढे ठेवला. मी सोबत होतो. साहेब तरुण होते, आवाज चढवत नव्हते. त्यांनी सतराही सह्यांवरून पेनचे टोक फिरवले. सगळी अक्षरे उंच, अरुंद, एकमेकांना खेटून उभी. वरची रेघ कुठेच नाही. प्रत्येक दीर्घ ईकाराची शेपटी वर वळलेली. फुग्यात मजकूर मावावा म्हणून सेक्रेटरी फळ्यावर असेच लिहीत. बायांनी दुसऱ्या कोणाच्या हातचे अक्षर कधी बघितलेच नव्हते.

साहेबांचा संशय गैर नव्हता. एका गावाने त्यांच्याकडे वारलेल्या माणसांचे अंगठे आणले होते. ते म्हणाले की हे सगळे एका हाताचे आहे, वस्ती स्थलांतरित असल्याचा अहवाल आहे, आणि तुम्ही सहकारी संस्थेचे सचिव आहात. खोट्या सह्यांचा कागद मी सहकार खात्याच्या निबंधकांकडे पाठवला तर काय होईल ते तुम्हाला माहीत असेल. सेक्रेटरींना माहीत होते. नोकरी गेली असती, आणि त्या कागदाबरोबर वस्तीचे पाणीही.

"बाया आणून दाखवतो," सेक्रेटरी म्हणाले.

"आणा," साहेब म्हणाले.

सोसायटीचा टेंपो रोज दूध घेऊन तालुक्याच्या शीतकरण केंद्रात जायचा. दुसऱ्या दिवशी त्यात कॅनांच्या मधोमध सात बाया बसल्या. बाकीच्यांनी त्यांची लेकरे आणि गुरे सांभाळली. चेअरमननी टेंपो अडवून विचारले की संस्थेच्या गाडीतून हे काय चाललंय. सेक्रेटरी म्हणाले, सभासदाची वाहतूक. उपविधीत दुधाची वाहतूक लिहिली होती, सभासदाची नव्हती; पण चेअरमन तो काढून वाचेपर्यंत टेंपो वेशीबाहेर गेला होता.

कचेरीत साहेबांनी कोरा कागद पुढे केला. गयाबाईंनी सही केली. मग दुसरीने, तिसरीने. साहेबांनी अर्ज शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडले. तरी त्यांची खात्री होईना. त्यांचे म्हणणे असे की नाव काढणे कोणीही पाठ करतो. वाचता येते का ते बघू. टेबलावर त्या दिवशीचा पेपर होता. त्यांनी तो गयाबाईंकडे सरकवला आणि मोठ्या बातमीवर बोट ठेवले.

गयाबाईंनी मथळ्याकडे बघितले नाही. त्यांची नजर खाली उजव्या कोपऱ्यात गेली. त्या अंकाला भोक नव्हते. त्या चित्राकडे बघत राहिल्या; ओठ हलत होते. साहेब म्हणाले, आजी, वर बघा, वर.

"हितं दोघं हायेत," गयाबाई म्हणाल्या. "हे बोलणं ह्याचं का त्याचं?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"लई पडतो. कोण बोलला त्याच्यावर हाय, खरं धरायचं का न्हाई."

साहेबांनी पेपर आपल्याकडे फिरवून चित्र बघितले. मग त्यांनी गयाबाईंकडून वरचा मथळा वाचून घेतला. त्यांना त्यातले एक जोडाक्षर सोडून सगळा आला. दुसऱ्या बाईला ते जोडाक्षरही आले. सेक्रेटरी दाराजवळ उभे होते.

साहेबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि सांगितले की ठीक आहे, वस्तीचे नाव यादीत घालतो, तुम्ही आता जा, उद्या टँकर येईल.

सातही बाया जागच्या हलल्या नाहीत.

"तसं फुग्यात नगं," गयाबाई म्हणाल्या. "लिहून द्या. खाली सही तुमची पायजे."

साहेबांना फुग्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी सेक्रेटरींकडे बघितले. सेक्रेटरी खिडकीकडे बघत होते. साहेबांनी कागद ओढला, चार ओळी लिहिल्या, सही करून शिक्का मारला. गयाबाईंनी तो कागद उभ्यानेच वाचला. साहेबांचे अक्षर घाईचे आणि तिरके होते. गयाबाईंच्या ओळखीचे एकही वळण त्यात नव्हते. म्हणून बराच वेळ लागला. मागे दोन गावांची माणसे ताटकळत होती. साहेबांनी त्यांना थांबायला सांगितले.

परतीच्या वाटेवर रिकाम्या कॅनांचा आवाज होत होता, तरी एक गोष्ट ऐकू आली. गयाबाई सेक्रेटरींना म्हणत होत्या की पेपरातल्या आणि त्या साहेबाच्या अक्षराला वर रेघ होती, सगळ्या शब्दांना होती. तुमी आमाला रेघ कावून शिकवली न्हाई? सेक्रेटरी म्हणाले, फुग्यात मावत न्हाई. उद्यापासून शिकवा, गयाबाई म्हणाल्या.

टँकर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. फाट्यावर रांग लागलेली होती. ड्रायव्हरने पाइप खाली टाकला आणि लवकर भरा म्हणून घाई केली. गाडी पूर्वी दुसऱ्या कशाची तरी असावी; टाकीच्या मागचा जुना रंग खरवडून त्यावर पिवळ्या अक्षरांत "पिण्याचे पाणी" लिहिले होते. रांगेत गयाबाई पहिल्या होत्या. त्यांनी घागर पुढे केली नाही. टाकीमागे जाऊन त्या पिवळ्या अक्षरांसमोर उभ्या राहिल्या आणि एकेक अक्षर लावून वाचले. ड्रायव्हर ओरडत होता.

वाचून झाल्यावर त्या पाइपापाशी आल्या, ओंजळीत पाणी धरले, वास घेतला, घोटभर तोंडात घोळवून गिळले.

"खरं हाय," त्या मागे वळून म्हणाल्या, आणि घागर पाइपाखाली लावली.